सनद इंडियन मुलांची, शाळा गोऱ्यांची: डार्टमथचा दोनशे पन्नास वर्षांचा हिशेब

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथलं डार्टमथ कॉलेज नावाला कॉलेज असलं तरी कामाने पूर्ण विद्यापीठ आहे आणि अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या नऊ उच्चशिक्षण संस्थांपैकी एक आहे. त्याची सनद १३ डिसेंबर १७६९ची. इंडियन जमातींच्या तरुणांच्या शिक्षणासाठी आणि इंग्रज व इतर तरुणांसाठीही हे कॉलेज स्थापन होत आहे, असं त्या सनदेत लिहिलेलं आहे. यातही इंडियन आधी, इंग्रज नंतर.

त्यानंतरच्या दोनशे वर्षांत तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेले इंडियन विद्यार्थी एकोणीस. १९७० नंतरच्या पन्नासेक वर्षांत हाच आकडा हजाराच्या पुढे गेला. सनद तीच, गावही तेच. मधे काय बिघडलं होतं आणि नंतर काय बदललं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी शब्दांबद्दल. सनदेत ‘इंडियन’ हा शब्द आहे आणि जुन्या कागदांबद्दल बोलताना इथेही तोच ठेवला आहे; त्याचा भारतीयांशी संबंध नाही. आजच्या काळाबद्दल ‘नेटिव्ह’ म्हटलं आहे. ‘मूलनिवासी’ हा शब्द टाळला, कारण महाराष्ट्रात त्याला स्वतःचा वेगळा राजकीय अर्थ आहे. शिवाय इथे एकच समाज नाही. मोहिगन, ओनायडा, मोहॉक, डेलावेअर, अबेनाकी या वेगवेगळ्या भाषांच्या, स्वतःचं राजकारण स्वतः चालवणाऱ्या जमाती आहेत. त्या सगळ्यांना एका रकान्यात कोंबणं ही या कहाणीतली पहिली चूक होती.

कॉलेजच्या आधीची शाळा

इलिझर व्हीलॉक हे कनेक्टिकटमधल्या लेबनन गावचे पाद्री. पुढे हॅनोव्हरला डार्टमथ कॉलेज उभं केलं ते यांनीच. १७४३ साली त्यांच्याकडे वीस वर्षांचा एक मोहिगन तरुण शिकायला आला. त्याचं नाव सॅमसन ऑकम. डोळ्यांच्या त्रासामुळे पुढचं शिक्षण थांबेपर्यंत सुमारे चार वर्षं तो व्हीलॉक यांच्याकडे शिकला. त्याची प्रगती पाहून व्हीलॉक यांच्या मनात योजना आली: इंडियन मुलांना घरापासून दूर आणायचं, शिकवायचं आणि पाद्री-शिक्षक करून त्यांच्याच लोकांत परत पाठवायचं. इंडियन धर्मप्रचारक इंग्रज प्रचारकाच्या निम्म्याहून कमी खर्चात पडतो, हा मुद्दा त्यांनी देणगीदारांसमोर उघडपणे मांडला होता. हा स्वस्ताईचा हिशेब ध्यानात ठेवावा, पुढे तो ऑकम यांच्याच अंगावर आला.

१७५४च्या डिसेंबरात डेलावेअर जमातीची दोन मुलं, जॉन पमशायर आणि जेकब वूली, सुमारे दोनशे मैल चालून लेबननला पोहोचली. एक चौदा वर्षांचा, दुसरा अकरा. ही मूर्स इंडियन चॅरिटी स्कूलची सुरुवात. पमशायर १७५७ साली क्षयाने वारला. वूली पुढे प्रिन्स्टनच्या कॉलेजात गेला, पण शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडला.

शाळेचा दिनक्रम व्हीलॉक यांनी स्वतः छापून ठेवला आहे. हिवाळ्यात सूर्योदयापूर्वी आणि उन्हाळ्यात सहाला प्रार्थना, तीही स्वच्छ कपड्यांत. नऊला शाळा, बाराला सुट्टी, पुन्हा दोन ते पाच. संध्याकाळी उजेड असतानाच प्रार्थना आणि त्यानंतर अभ्यास. विषयांत लॅटिन आणि ग्रीकही. या वेळापत्रकात न दिसणारी गोष्ट म्हणजे शेतावरचं काम. मुलांना शेतकी ‘शिकवण्याच्या’ नावाखाली शेतात राबवलं जाई. मुली आसपासच्या गोऱ्यांच्या घरी घरकाम ‘शिकायला’ ठेवलेल्या असत आणि शाळेत आठवड्यातून एकच दिवस येत. हेझेकाया कॅल्विन या डेलावेअर विद्यार्थ्याने १७६८च्या सुमारास बाहेर जाऊन हेच सांगितलं की मुलांकडून कष्ट फार घेतात आणि शिकायला पुरेसं मिळत नाही. ओनायडा लोकांनी १७६९ साली आपली मुलं शाळेतून काढून नेली.

व्हीलॉक यांनी या गळतीचा अर्थ ‘इंडियन मुलं टिकत नाहीत’ असा लावला. पालक मुलं का नेतात, हा प्रश्न त्यांच्या वहीत आला नाही. शाळा सोडलेल्यांची कारणं नोंदवताना मुलाचा दोष तेवढा लिहायचा आणि शाळेचा रकानाच ठेवायचा नाही, ही सवय आश्रमशाळांच्या पटावर काम केलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल.

बारा हजार पौंड

ऑकम तोवर मोठे झाले होते. लाँग आयलंडवर माँटॉक लोकांत त्यांनी बारा वर्षं शिक्षक आणि प्रचारक म्हणून काम केलं आणि १७५९ साली त्यांना प्रेस्बिटेरियन पंथाची दीक्षा मिळाली. त्या बारा वर्षांचा एकूण मोबदला १८० पौंड. १७६८ साली लिहिलेल्या आपल्या छोट्या आत्मवृत्तात त्यांनी हिशेब मांडला आहे: दुसऱ्या एका मोहिमेत तरुण, अविवाहित गोऱ्या प्रचारकाला एका वर्षाचे १०० पौंड, त्याच्या दुभाष्याला ५० आणि ओळख करून देणाऱ्याला ३०. बेरीज १८०. ऑकम यांना बारा वर्षांत मिळालं तेवढं तिथे एका वर्षात खर्च झालं. शिवाय तिथल्या तिघांचं काम ते एकटे करत होते. बायकापोरं पोसायला ते मासेमारी करत, लाकडी चमचे करत, पुस्तकं बांधून देत.

१७६५च्या डिसेंबरात व्हीलॉक यांनी त्यांना नॅथॅनिएल व्हिटकर या पाद्र्यासोबत निधी जमवायला ब्रिटनला पाठवलं. इंग्रजी आणि बायबलवर प्रभुत्व असलेला इंडियन पाद्री इंग्लंडच्या व्यासपीठांवर बोलतो आहे, हे तिथल्या लोकांनी पाहिलेलं नव्हतं. ऑकम यांनी तीनशेच्या वर प्रवचनं दिली. राजा तिसरा जॉर्ज याने २०० पौंड दिले. १७६८ साली ते परतले तेव्हा जमा झाले होते सुमारे बारा हजार पौंड. त्या काळातल्या अमेरिकी वसाहतीतल्या कॉलेजांच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. ते परतले तेव्हा घराची परवड झालेली होती. ते दूर असताना त्यांच्या कुटुंबाकडे बघण्याचा शब्द व्हीलॉक यांनी दिला होता, तो पाळला नव्हता.

खरा धडा या पैशाच्या वाटेत आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

रक्कम दोन ठिकाणी राहिली. इंग्लंडमधले सुमारे साडेनऊ हजार पौंड लंडनमधल्या एका विश्वस्त मंडळाकडे. अध्यक्ष लॉर्ड डार्टमथ, खजिनदार जॉन थॉर्नटन हे धनाढ्य व्यापारी. स्कॉटलंडमधले अडीच हजारांच्या आसपासचे एडिंबरामधल्या ख्रिस्ती ज्ञानप्रसार संस्थेकडे. देणगीदार एकाच प्रकारचे आणि देणगीचं कारणही एकच: इंडियन मुलांचं शिक्षण.

लंडनच्या पैशावर व्हीलॉक हुंड्या काढत. हॅनोव्हरला जागा साफ करणं, इमारती, पगार, विद्यार्थ्यांचं खाणंपिणं असा खर्च आधी व्हायचा, मग लंडनवर हुंडी, मग मंजुरी. ‘इंडियन शिक्षण’ आणि ‘कॉलेज’ अशी दोन खाती वेगळी नव्हती. सनदेने कारभार अमेरिकेतल्या विश्वस्तांकडे दिला होता. लंडनच्या मंडळींना हे कॉलेज मुळातच पसंत नव्हतं, देणगीच्या हेतूबाहेरचं वाटत होतं, पण हुंडी थांबवण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. आणि त्या बहुतेक वेळा त्यांनी वटवल्या. १७७५पर्यंत लंडनचा पैसा संपला. तोवर एकही इंडियन पदवीधर झालेला नव्हता. १७७१च्या पहिल्या पदवीदानात चार विद्यार्थी होते, चौघेही गोरे. पहिला इंडियन पदवीधर, नॅरगॅन्सेट जमातीचा डॅनिएल सायमन, १७७७चा.

एडिंबराची संस्था चिवट निघाली. इंडियन विद्यार्थ्यांवरच खर्च होत असेल तर पैसे, नाहीतर नाही. व्हीलॉक यांना या अटींचा फार जाच वाटे. पण मुद्दल शाबूत राहिलं, आणि एकोणिसाव्या शतकात जे थोडे इंडियन विद्यार्थी तिथे शिकले, त्यांच्यातल्या कितीकांचा खर्च याच स्कॉटिश पैशातून झाला.

एकाच माणसाने, एकाच दौऱ्यात, एकाच कारणासाठी जमवलेला पैसा दोन तऱ्हेने सांभाळला गेला. एक सहा-सात वर्षांत नाहीसा झाला, दुसरा पिढ्यान्‌पिढ्या पुरला. आमच्या मते समावेशाच्या कुठल्याही योजनेचं पहिलं पान हेच असायला हवं: खातं वेगळं आहे का, मुद्दलाला हात लावण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि ज्यांच्या नावावर पैसा आला त्यांचा एक तरी माणूस सही करणाऱ्यांत आहे का. डार्टमथच्या पहिल्या विश्वस्तांत इंडियन कोणी नव्हतं. ज्यांनी पैसा मिळवून आणला ते ऑकमसुद्धा नव्हते.

ऑकम यांचं पत्र

२४ जुलै १७७१ रोजी ऑकम यांनी व्हीलॉक यांना लिहिलेलं पत्र या विषयावरचा सर्वांत नेमका दस्तऐवज आहे. तुमच्याकडे गोरे विद्यार्थी इतके आणि इंडियन जवळपास नाहीतच, याने माझा धीर खचतो, असं ते लिहितात. तुमच्या कामासाठी परक्या देशांत मी लोकांच्या नजरेचा आणि हसण्याचा विषय झालो, हेही सांगतात. मग लॅटिनवर बेतलेलं ते प्रसिद्ध वाक्य येतं. विद्यापीठाला ‘अल्मा माटेर’, म्हणजे पोसणारी आई म्हणतात. ऑकम म्हणतात, ही आई ‘अल्बा माटेर’ होईल अशी मला भीती आहे. अल्बा म्हणजे पांढरी. सावळ्या लेकरांना पाजायला ती फारच गोरी असेल.

हे लॅटिन त्यांना व्हीलॉक यांच्याच घरात शिकायला मिळालं होतं. ऑकम हॅनोव्हरला कधीही गेले नाहीत. आज तिथे त्यांच्या नावाचं तळं आहे. त्यांनी आपली ताकद दुसरीकडे लावली. व्हीलॉक यांचेच एक विद्यार्थी जोसेफ जॉन्सन यांच्याबरोबर त्यांनी न्यू इंग्लंडमधल्या ख्रिस्ती इंडियनांची ब्रदरटाउन ही वसाहत ओनायडांच्या जमिनीवर उभी करायला घेतली. १७९२ साली न्यू स्टॉकब्रिज इथे ते वारले.

व्हीलॉक यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी इंडियन विद्यार्थी शोधणं पूर्ण सोडलं नाही. ओनायडांनी पाठ फिरवल्यावर त्यांनी माणसं कॅनडाकडे पाठवली आणि कानावाके व सेंट फ्रान्सिस इथून मुलं आणवली. पण तिथेही ज्यांचे आजी-आजोबा युद्धात पळवून नेलेले गोरे होते, अशी मुलं त्यांना अधिक आवडत. म्हणजे इंडियन हवा, पण जरा आपल्यासारखा. हॅनोव्हरची जागा मूळची अबेनाकी लोकांची. ओनायडा, मोहॉक वगैरे इरोक्वॉय जमातींच्या गावांपासून मात्र ती खूप लांब. ज्यांच्यासाठी कॉलेज, त्यांच्यापासून दूर जिथे जमीन आणि सनद देणारा गव्हर्नर मिळाला, तिथे ते उभं राहिलं.

जपलेली सनद

१८१६ साली न्यू हॅम्पशायर सरकारने कॉलेजचा कारभार ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८१९ साली मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला: सनद हा करार आहे, राज्य तो मोडू शकत नाही. अमेरिकी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला पाठ असतो. विश्वस्तांचे अधिकार असे दगडावरच्या रेघेसारखे पक्के झाले. त्याच सनदेतलं इंडियन मुलांबद्दलचं वाक्य पाळलं जातं की नाही, हे विचारत न्यायालयात जाण्याची सोय मात्र कोणालाच नव्हती. किती विद्यार्थी, कधीपर्यंत, कोणाला उत्तर द्यायचं, यातलं काहीही त्या वाक्यात नाही. हेतू लिहिला आणि मोजमाप लिहिलं नाही, की वाक्य शोभेचं होतं.

पुढच्या शंभर वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अधूनमधून एखादं नाव येतं. त्यातलं मोठं नाव म्हणजे डकोटा जमातीचे चार्ल्स ईस्टमन, १८८७चे पदवीधर, पुढे डॉक्टर आणि लेखक. याच काळात इंडियन विद्यार्थी जवळजवळ नाहीसे झाले आणि इंडियन माणसाचं चित्र सगळीकडे आलं. विसाव्या शतकात खेळाच्या संघांना ‘इंडियन्स’ म्हणू लागले, सामन्यांत खोट्या आरोळ्या, स्वेटरवर पिसं लावलेलं डोकं. १९३० च्या दशकाच्या शेवटी भोजनगृहाच्या तळघरात भित्तिचित्रं रंगवली गेली. त्यांत व्हीलॉक इंडियनांना रम पाजत आहेत आणि आसपास अर्धनग्न इंडियन स्त्रिया आहेत.

१९७०: काय केलं आणि कोणत्या क्रमाने

१ मार्च १९७० रोजी जॉन केमेनी तेरावे अध्यक्ष झाले. हंगेरीतून नाझींच्या सावटामुळे कुटुंबासह अमेरिकेत आलेले ज्यू गणितज्ञ, बेसिक या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. आपल्याकडे ज्यांनी शाळेत पहिल्यांदा संगणक पाहिला, त्यांच्यातल्या अनेकांनी पहिली ओळ याच भाषेत लिहिली. पहिल्याच भाषणात त्यांनी सनदेतलं वचन कॉलेजने पाळलेलं नाही हे मान्य केलं आणि नेटिव्ह विद्यार्थी आणण्याचं जाहीर केलं. त्या शरद ऋतूत पंधरा विद्यार्थी आले.

पंधरा हा आकडा लहान वाटेल. पण दोनशे वर्षांत मिळून एकोणीस पदवीधर, हे डोळ्यांसमोर ठेवून तो वाचावा. आणि पंधराजण एकदम येणं याला महत्त्व आहे. एकटा विद्यार्थी वर्गात आपल्या अख्ख्या समाजाचा वकील होतो. कुणी काही बोललं की सगळे त्याच्याकडे बघतात, आणि घरी काही झालं तर निघून जाण्याआधी ज्याच्याशी बोलावं असं कोणी नसतं. पंधराजण असले की संघटना होते. ती झालीही, पहिल्या दोन वर्षांतच.

त्याच सुमारास नेटिव्ह विद्यार्थ्यांसाठी मदत-कार्यक्रम सुरू झाला: स्वतंत्र कार्यालय, सल्लागार, एकत्र बसायला घर. १९७२ साली नेटिव्ह अमेरिकन अभ्यासाचा शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाला. हे दोन वेगळे ठेवले गेले, आणि आमच्या मते ते फार शहाणपणाचं होतं. कार्यालय विद्यार्थ्याच्या घरभाड्याचं, आजारी आजीचं, नापास पेपरचं बघतं. अभ्यास विभाग ज्ञान तयार करतो आणि त्याचे वर्ग सगळ्यांसाठी खुले असतात. दोन्ही एकाच माणसावर टाकले की प्राध्यापक दिवसभर विद्यार्थ्यांची अडचण सोडवतो, त्याचं संशोधन मागे पडतं, नोकरी पक्की होत नाही, तो जातो, आणि त्याच्यासोबत दोन्ही कामं बंद पडतात. १९७२मध्येच मुलींनाही प्रवेश मिळू लागला. लुईस अर्ड्रिक ही ओजिब्वे लेखिका त्याच वर्षी आलेल्या मुलींपैकी एक, १९७६ची पदवीधर.

नेटिव्ह विद्यार्थ्यांनी खेळाच्या ‘इंडियन’ चिन्हाविरुद्ध आवाज उठवला तो अगदी सुरुवातीला. माजी विद्यार्थी चिडले. आपल्या तारुण्याची आठवण काढून घेतली जाते आहे असं त्यांना वाटलं. त्यांच्या देणग्यांवर कॉलेज चालतं, त्यामुळे हा दबाव तोंडी नव्हता. विश्वस्तांनी १९७४ साली ठराव केला, की हे चिन्ह वापरणं नेटिव्ह शिक्षण पुढे नेण्याच्या संस्थेच्या आजच्या उद्दिष्टांशी विसंगत आहे. ठरावाची भाषा नीट पाहावी. ‘कुणाच्या भावना दुखावतात’ असं त्यांनी म्हटलं नाही. भावनेवर ठराव उभा केला असता, तर ‘आमच्याही दुखावतात’ हे उत्तर तयारच होतं. संस्थेच्या कामाशी विसंगत म्हटल्यावर वाद कामावर आला. तरीही स्वेटर आणि आरोळ्या अनेक वर्षं रेंगाळल्या. भित्तिचित्रं आधी झाकली गेली आणि २०१८ साली आवाराबाहेर साठवणीत नेण्याचं ठरलं. ग्रंथालयाच्या मनोऱ्यावरचं वातकुक्कुट तर जून २०२०पर्यंत वर होतं. त्यात बसून शिकवणारे व्हीलॉक, त्यांच्यामागे दारूचं पिंप आणि पायाशी जमिनीवर बसून चिलीम ओढणारा इंडियन. विद्यार्थ्यांनी मागणी केली आणि ते उतरवलं.

अजून कुठे अडतं

पहिली अडचण: नेटिव्ह कोण? प्रवेश-अर्जावर रकान्यात खूण करणं आणि जमातीच्या अधिकृत सदस्ययादीत नाव असणं या वेगळ्या गोष्टी. अमेरिकेत सदस्यत्व ठरवण्याचा अधिकार जमातीचा, विद्यापीठाचा नाही. २०१५ साली नेटिव्ह कार्यक्रमाच्या नव्या संचालकपदी नेमलेल्या व्यक्तीच्या ओळखीच्या दाव्यावर जमातींच्या लोकांनी आणि विद्यार्थ्यांनी हरकत घेतली, आणि काही आठवड्यांत विद्यापीठाला ती नेमणूक मागे घ्यावी लागली. नेमणुकीआधी जमातीला विचारलं असतं तर एका पत्रात काम झालं असतं. बनावट जात प्रमाणपत्रांचा त्रास पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली वेदना समजेल. फरक एवढाच की आपल्याकडे पडताळणी शासनाची समिती करते.

दुसरी अडचण पोहोचण्याची. नेवाडा किंवा अलास्कातल्या वस्तीवरच्या मुलीला हॅनोव्हर म्हणजे दुसरं जग. त्यासाठी आता बारावीच्या नेटिव्ह मुलांना विद्यापीठाच्या खर्चाने विमानाने आणून काही दिवस आवारात ठेवतात. २०२२पासून शैक्षणिक मदतीत कर्जाऐवजी अनुदान देतात. हजारो डॉलरचं कर्ज काढायचं या विचारानेच अर्ज न करणारी घरं असतात, तिथे या एका बदलाचा मोठा उपयोग होतो.

तिसरी अडचण संस्थेच्या कपाटांत आहे. २७ एप्रिल २०२२ रोजी ऑकम यांची पत्रं, रोजनिशी आणि इतर कागद कनेक्टिकटमधल्या मोहिगन जमातीला परत देण्यात आले. अध्यक्ष स्वतः तिथे गेले. कागद डार्टमथने अडीचशे वर्षं सांभाळले होते, त्यांवर संशोधन झालं होतं, त्यांची डिजिटल आवृत्ती सगळ्यांसाठी खुली होती. तरी मूळ कागद कोणाचा हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर त्या दिवशी दिलं गेलं.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२३मध्ये, विद्यापीठाने जाहीर केलं की त्याच्या संग्रहात किमान पंधरा नेटिव्ह माणसांच्या अस्थी सापडल्या आहेत. मानववंशशास्त्राच्या वर्गात त्या शिकवण्यासाठी वापरल्या जात होत्या, २०२२पर्यंत. अशा अस्थी परत करण्याचा केंद्रीय कायदा १९९०चा आहे, आणि विद्यापीठाने १९९० च्या दशकात आपली यादीही केली होती. पण शिकवण्याच्या कपाटातली हाडं कोणाची याची कसून चौकशी झाली नव्हती. नेटिव्ह विद्यार्थी ज्या वर्गात बसले, त्याच वर्गात ही हाडं टेबलावर आली असतील. अध्यक्षांनी माफी मागितली आणि अस्थी वर्गातून हलवून सुरक्षित जागी ठेवल्या गेल्या. यापुढचं काम सावकाश चालतं: प्रत्येक हाड कुठून आलं याचे कागद शोधायचे, त्या प्रदेशातल्या जमातींना कळवायचं, आपली कोण हे त्यांनी ठरवायचं, आणि पुरायचं कुठे आणि कसं हे त्यांच्या रीतीने ठरू द्यायचं.